मामीच्या आवाजाचं माप

मामा कुणाच्याही घरात शिरले की आधी टाळी वाजवायचे. रामराम, पाणी, बसा-उठा हे सगळं नंतर. खोलीच्या मधोमध उभं राहून एक खणखणीत टाळी, मग मान तिरपी करून गप्प. एका घरी मुलगी बघायला गेले तेव्हाही त्यांनी हेच केलं आणि मुलीच्या आईच्या हातातली पोह्यांची बशी पडली. माझ्या आईला, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीला, कुठे तोंड लपवू असं झालं. लातुरात त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. बाकीच्यांसाठी ते टाळीमामा.

मामा घरगुती स्पीकर बनवायचे. पण आधी खोली बघायची आणि मग तिच्या मापाने खोकं बांधायचं, ही त्यांची पद्धत. टाळी किती घुमते त्यावरून खोकं केवढं, भिंतीपासून किती लांब, आत कापूस किती भरायचा हे ठरायचं. "खोली बी ऐकत असते," ते म्हणायचे. "कापड आवाज पितं, फरशी माघारी फेकते."

नांदेडच्या एका कापडवाल्याकडे आवाज जुळवताना त्यांनी घरातल्या सगळ्यांना रोजच्या जागी बसवलं. म्हातारी आत झोपली होती, तिलाही शालीसकट बाहेर आणायला लावलं. शेटजी वैतागले. मामा म्हणाले, "माणूस बी आवाज पितो. रिकाम्या खोलीचं माप घेऊन तुम्हाला काय उपयोग?" त्यांच्या विक्षिप्तपणात मी याचीही गणना करून टाकली होती.

गाणं लावून स्पीकर पारखणं त्यांना पटत नसे. गाणारा समोर बसून कसा बोलतो हे आपण कुठे ऐकलंय, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या कानात पक्का बसलेला आवाज एकच, मामीचा. एकदा ती रागावलेली असताना त्यांनी गुपचूप मोबाइलवर टिपून घेतलं होतं. "अवं, चहा थंड होऊन राहिला. किती येळ त्या खोक्यात मुंडकं घालून बसणार? येताय का न्हाई?" पुढे थोडी शांतता, मग पुन्हा तेच. हा आवाज हुबेहूब मामीसारखा आला की काम संपलं. लोह्याच्या एका मास्तरांच्या बैठकीत आणि जळकोटच्या एका डॉक्टरांच्या माडीवर मामीने नवऱ्याला झापलेलं मी स्वतः ऐकलंय. हे मामीला कळलं तेव्हा तिने आठवडाभर अबोला धरला. मामांचं काम मात्र थांबलं नाही, कारण बोलणारी मामी त्यांच्या खिशात होतीच.

मग मामी गेली. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे तेराव्याला तिचे कपडे, अंथरूण, भिंतीशी रचलेली, हाताने शिवलेल्या वाकळांची सगळी चवड देऊन टाकली. मामा दारात उभे राहून बघत होते. पाहुणे पांगल्यावर त्यांनी घरच्या स्पीकरवर मामीला लावलं. आवाज पत्र्यासारखा वाजला. उघड्या भिंती तिचा प्रत्येक शब्द माघारी फेकत होत्या. मामांनी बंद केलं आणि म्हणाले, "ही ती न्हाई."

त्यानंतर त्यांनी बाहेरचं काम घेतलं नाही. खोकी उघडायची, कापूस काढायचा, भरायचा, जागा बदलायची, पुन्हा मामीला बोलवायचं. कशाने बिघडलं हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार. पण दिलेली वस्तू परत मागायची नसते, म्हणून हा माणूस उघड्या खोलीशी झुंजत राहिला. मला त्यांची भीती वाटायला लागली होती. शेवटी आईनेच जाणलं. मामीने तिला शिवून दिलेल्या वाकळा रेणापूरच्या आमच्या घरून आणल्या, भिंतीवर टांगल्या आणि मामांना दाराजवळच्या त्यांच्या खुर्चीत बसवलं.

मामी बोलली. अगदी स्वयंपाकघरातून बोलावी तशी. "येताय का न्हाई?" या शब्दांनंतरच्या शांततेत मामा हळूच म्हणाले, "येतो की."

पुढे रोज संध्याकाळी हेच चालायचं. ती विचारायची, ते उत्तर द्यायचे. शेजारीपाजारी कुजबुजायचे, पण मामा नीट जेवायला लागले होते, तेवढं आम्हाला पुष्कळ होतं.

गेल्या वर्षी मामाही गेले. तेराव्याला मी हट्टाला पेटले. या खोलीतली एक चिंधीसुद्धा जाणार नाही, असं सगळ्यांना बजावलं. आई माझ्या बाजूने उभी राहिली. वाकळा, खुर्ची, खोकी, सगळं जिथल्या तिथे ठेवलं. घर रिकामं झाल्यावर मी दारात उभी राहिले आणि मामीला लावलं.

आवाज घुमला. फार नाही, थोडासाच, पण ही मामी नव्हती. मी वाकळा चाचपल्या, खोक्यांच्या जागा तपासल्या. कशालाच हात लागलेला नव्हता. मग रिकाम्या खुर्चीकडे नजर गेली आणि मला नांदेडची ती शालीतली म्हातारी आठवली. माणूस बी आवाज पितो, मामा म्हणाले होते.

मामी तेच विचारत राहिली. येताय का न्हाई? पुढची शांतता मला सोसवेना.

"निघालेत गं, मामी," मी म्हणाले. "तुझ्याकडंच निघालेत."