पाव्हन्यांपुढं स्पॅनिश

मी फरशी पुसून राह्यली व्हती, तं बाईनं बैठकीत बोलावलं. सोफ्यावर चार पाव्हने. माहे हात ओले. बाई म्हनल्या, "म्हन वं ते ताईचं. ऐका, आमची झाडूवाली स्पॅनिश बोलते."

ताई म्हंजे बाईची पोरगी. तिले परदेशात शिकाले जायचं हाये, म्हनून रोज सकाळी कम्प्युटरवर क्लास. मी तिची खोली झाडायची, झाडता झाडता कानात बसलं. ती अडकली का मीच सांगायची.

मी म्हनलं. लाबाबा, लाबाबास, लाबाबा, लाबाबामोस, लाबाबाइस, लाबाबान. मी धुवायची, तू धुवायची, ते धुवायचे. पहिले रोज रोज जे व्हायचं ते असं सांगतेत, ताईनंच सांगतलं व्हतं.

पाव्हने पोट धरून हासले. एक म्हने, "पोपट बरा पाळला तुमी." मंग खायाचं म्हनाले लावलं. कोमीआ, कोमीआस, मी खायची, तू खायची.

अन् दारापाशी, चपलांजवळ, पोत्यावर बसलेली माही पाच वर्साची पोरगी उठली. रोज माह्यासंगं येते, आयकून आयकून तिनंबी म्हनलं. समदं, न अडकता. टाळ्या पडल्या.

बाई हासल्या नाई. तिच्याकडंच पाहत राह्यल्या. "हिला इथंच ठेव. ताईजवळ राहील, पोटभर खाईल, शिकंल पन."

हेच बोल बोथ गावच्या एका बाईनं माह्या मायले सांगतले व्हते. मी तवा चौथीत. त्या घरी मी धुवायची, झाडायची, मार खायची. शाळा पुन्हा दिसली नाई. इतके दिस ताईचं म्हनून जे म्हनत व्हती, ते माहंच व्हतं.

मी म्हनलं, "पोरगी नाई ठेवत."



"काऊन वं? तुहा नवरा कोनाच्या कापसाच्या जिनिंगात हाये, ध्यानात हाये नं?" बाई हळू बोलल्या. हळू बोलल्या म्हनूनच भेव वाटलं.

"ध्यानात हाये, बाई. तरी नाई."

पोरीले कडेवर घेतलं अन् बाईच्या घरापासून माह्या घरापर्यंत पळतच आली, मांगं पाहाची हिंमत झाली नाई.

दोन दिस झाले. नवऱ्याले कामावर घेतलं नाई. जिनिंगची जीप गल्लीतून दोनदा गेली, सावकाश. सासू म्हनते, जाय, पाय धर. हे लिवून राह्यली तरी भेव गेलं नाई, जाईल असं वाटतबी नाई. पन उद्या दहा वाजता शाळेत पोरीचं नाव घालाचं हाये. जीप दारात उभी असली, तं तिच्या समोरून नेईन.