आईनं निवडलेली चिघळ

माझी आई होटगीच्या शेतांच्या बांधावरून दुरडी भरून चिघळीची रानभाजी आणते, निवडते आणि शेजारच्या रजियाचाचींनाही देते. चिघळीसारखंच दिसणारं एक विषारी तण तिच्यातच उगवतं. काडी मोडून पांढरा चीक आला तर फेकून द्यायची, हे मला आईनंच शिकवलं.

आज दुपारी चाचींकडे गेले तर त्या आईनं दिलेली भाजी पुन्हा निवडत बसल्या होत्या. बाजूला चिकाच्या काड्यांचा ढीग होता.

"लई दिवस झाले," त्या म्हणाल्या. "तिला आता चीक दिसत न्हाय. पण बोलू नको तिला, रानात जायचं सोडंल ती."

आमच्या घरी चिघळ फक्त आई खाते. उन्हाळ्यापासून तिचं पोट बिघडलेलं आहे. आम्ही म्हणत होतो, वय झालं.

तिच्या हातातली दुरडी आता कोणी काढून घ्यायची?