बाईंनी ‘छान’ म्हटलेला चहा

सोनकांबळे बाईंनी माझ्या चहाला ‘छान झालाय’ म्हटलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

बाई नांदेडच्या आमच्या कॉलनीतल्या शेजारीण, हिमायतनगरच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. शाळा सुटली तरी पेपर तपासायची सवय काही सुटली नव्हती. फक्त उत्तरपत्रिकांच्या जागी आता लोकांच्या भाज्या आल्या होत्या. कुणाकडेही गेल्या की पहिला घास घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि निकाल द्यायच्या. “मीठ बरोबर हाय, पर उशिरा पडलंय.” “तूर नवी हाय, घाईत शिजवली.” एका बारशाला तर त्यांनी आचाऱ्यालाच बोलावून विचारलं, “ह्या कढईत आदुगर मासे तळले होते का रे, बाबा?” तळले होते. बारसं शाकाहारी होतं. तेव्हापासून कॉलनीतल्या बायका बाईंना जेवायला बोलावताना दोनदा विचार करत, पण त्यांनी बरं म्हटलेली भाजी चार घरी सांगत फिरत.

आता माझं. निवृत्तीनंतर काहींना मधुमेह होतो, मला जपानी चहा झाला. माझी भाची तिकडे नोकरीला आहे. सुट्टीत येताना तिने खोकंभर चहा आणला: हिरवागार सेंचा, भाजलेले तांदूळ घातलेला गेनमाइचा, चेरीच्या फुलांचा, युझू नावाच्या तिकडच्या लिंबाचा. मी आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि तज्ज्ञ झालो. पाणी उकळू द्यायचं नसतं हे समजल्यापासून उकळलेला चहा पिणाऱ्यांकडे मी कीव येऊन पाहू लागलो. पाण्याचं तापमान मोजायचं यंत्र मागवलं. ते बायकोने गुलाबजामच्या पाकात घातलं. चहा तिने एकदाच प्यायला. “ह्याला चहा म्हणायचं तर पालक धुतलेल्या पाण्याला भाजी म्हणा,” एवढं बोलून तिने स्वतःसाठी आलं ठेचायला घेतलं.

कॉलनीत मी थर्मास घेऊन बाहेर पडलो की लोकांना अचानक कामं आठवायची. कुणाचा उपवास निघे, कुणाची नळाची वेळ होई. एकट्या बाई बसायच्या. पहिला कप संपवून दुसरा घ्यायच्या आणि म्हणायच्या, “छान झालाय, भाऊ.” मला आधी पाल चुकचुकल्यासारखं झालं खरं, पण स्तुती गोड असते. ती पाल मी हाकलून लावली आणि जपानी संस्कृतीची खरी जाण या गल्लीत आपल्या दोघांनाच आहे, असं ठरवून मोकळा झालो.

मग एका संध्याकाळी बाईंच्या घरातून धूर आला. बायको आणि मी धावलो. गॅसवर दुधाचं पातेलं जळून काळं झालं होतं आणि बाई त्याच खोलीत दाराकडे तोंड करून शेंगा सोलत बसल्या होत्या. बायकोने गॅस बंद केला. बाईंनी वळून पातेल्याकडे पाहिलं आणि हातातली शेंग तशीच खाली ठेवली.

“तापानंतर गेलं सगळं,” त्या म्हणाल्या. “ताप गेला तो चव अन् वास घेऊन गेला. कुणाला सांगितलं न्हाई.”

कॉलनीतल्या झाडून सगळ्या भाज्या गेले काही महिने ‘छान’ का होत होत्या, ते तेव्हा कळलं. माझ्या चहाला टिकलेलं एकमेव गिऱ्हाईक म्हणजे ज्यांना चवच लागत नव्हती त्या बाई, हेही त्याच क्षणी कळलं. दुःख कशाचं आधी करावं ते मला समजेना.

पातेल्याची बातमी लातूरला त्यांच्या मुलाकडे, सुनीलकडे, पोचली. तो दुसऱ्याच दिवशी आला. “आई, उद्या गॅस सुटला तर तुला कळणार हाय का? पोरांना सुट्टी लागली की न्यायला येतो. तोवर डबा लाव, गॅसला हात लावू नको.” मुलगा चांगला, सून चांगली, घरही मोठं. पण तो गेल्यावर बाई बराच वेळ भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “लातूरला मला पावण्यावानी ठेवतील. बसा म्हणतील, खा म्हणतील. माझी चूल बंद म्हंजे मी बंद, भाऊ.”

सुनीलने जायच्या आधी दाखवलेले डॉक्टर म्हणाले होते, रोज वेगवेगळे वास घेत राहा, आला तर येईल परत. मी लगेच पुढे सरसावलो. वेगवेगळे वास माझ्याकडे खोकंभर होते! दुपारी चारला मी ट्रे घेऊन बाईंकडे जाऊ लागलो. ठरलं असं, की बाईंनी आधी वास घ्यायचा, घोट घ्यायचा, आणि मी त्यांना चव सांगायची.

पहिल्या दिवशी मी सेंचाचा घोट घेतला, व्हिडिओतल्या माणसासारखी मान वर केली आणि म्हणालो, “यात समुद्राची झुळूक आहे.”

“तुमी समुद्र कधी पाह्यला?”

“लग्नानंतर. एकदा.”

“अन् तो प्याले होते का? आपल्याकडचं सांगा. जिभेला जे लागून राहिलं ते सांगा, पाकिटावरचं नको.”

इतक्या वर्षांत माझ्या जिभेला कुणी कामाला लावलं नव्हतं. मी पुन्हा घोट घेतला. तोंडात घोळवला. शेवटी म्हणालो, “ढाळा सोलल्यावर बोटांना जो वास येतो, तसं काहीतरी.” बाईंनी डोळे मिटले. “हां. कोवळा हरभरा. अहमदपूरला मामाच्या शेतात खायचो. सांगा पुढं.” गेनमाइचाला मी ज्वारीच्या लाह्या म्हणालो, तेव्हा त्यांनी कपात असं नाक घातलं की मला बघवेना. वर काढलं तेव्हा म्हणाल्या, “आठवतंय सगळं. पर फोटोवानी. वास न्हाई त्याला.”

त्या दिवसांत मी खूप खोटंही बोललो. चेरीच्या फुलांचा चहा मला साबणासारखा लागला, मी मोगरा म्हणालो. बाईंना संशय यायचा. “भाऊ, तोंडावर एक हाय अन् सांगून राहिले एक. जिभेला तरी खोटं बोलायला लावू नका.” सुट्टी जवळ येत होती. बाईंनी कपाट आवरायला घेतलं होतं, आणि लोणच्याच्या बरण्या त्या एकेक करून शेजारपाजारी वाटत होत्या.

खोक्यातला सेंचा उघडा राहून शिळा झाला. व्हिडिओत म्हटलं होतं, शिळा चहा कढईत मंद भाजला की होजिचा होतो. भाजायचं म्हणजे नजर हवी. मी कढई चढवली आणि बँकेतल्या जुन्या मित्राचा फोन घेतला. माझ्या फोनवर काही थोडक्यात होत नाही. परत आलो तर कोळसा. टाकवेना म्हणून तोच गाळला, थर्मासात भरला आणि चारला हजर झालो.

मी एक घोट घेतला. घसा सोलून निघाला. तरी चेहरा शांत ठेवला. “वा! भाजक्या हुरड्याचा वास. मागून जरा गूळ.”

बाईंनी कप नाकाशी नेला. थांबल्या. परत नेला. कपाळाला आठी पडली. ती आठी मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

“खोटं,” त्या म्हणाल्या. “करपलंय.”

मी सवयीने बचाव करायला तोंड उघडलं. “नाही बाई, त्याचं काय आहे, हा प्रकारच जरासा...”

“करपलंय म्हणते ना! हुरडा कुठला, कोळसा हाय हा. तुमाला साधं भाजता येत न्हाई?” आणि मग त्यांना स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. कप दोन्ही हातांनी धरून त्या बसून राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते अजिबात पुसत नव्हत्या. मीही रडलो, हे इथे सांगून टाकतो. बायकोला मी धुराचं कारण दिलं. बाईंनी तो भयंकर चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि लातूरला फोन लावला.

“सुनील, येऊ नको रे न्यायला. भाऊनं चहा करपवला!”

बाकीचे वास हळूहळू, एकेक करून आले. सुनीलने हरप्रकारे परीक्षा घेतली आणि हार मानली. बाई आपल्या घरात, आपल्या गॅसपाशी राहिल्या. वाटलेल्या बरण्या त्यांनी बिनदिक्कत परत मागून आणल्या. माझ्या चहावर तर त्यांनी मागची सगळी बाकी वसूल केली. “पाणी तापलं न्हाई.” “पाणी लई तापलं.” “ह्यो आजचा चहा कालच्या कपात दिला.” कॉलनीतल्या बायका पुन्हा दोनदा विचार करू लागल्या. एवढा अपमान माझा आयुष्यात कुणी केला नाही, आणि चार वाजायची मी इतकी वाट कधी पाहिली नाही.

गेल्या थंडीत बाई गेल्या. झोपेत, स्वतःच्या घरी. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, जेवणं झाली. गर्दी पांगल्यावर सुनील आणि चार शेजारी मागे उरले, तेव्हा मी घरून थर्मास आणला आणि सगळ्यांना होजिचा दिला. सुनीलने घोट घेतला, डोळे मिटले. अगदी आईसारखे. मी त्याच्या कपाळाकडे बघत राहिलो.

“छान झालाय, काका,” तो म्हणाला. बाकीचेही छान म्हणाले.

तो मी मुद्दाम करपवला होता.