हॉलच्या कोपऱ्यातलं गवत

पनवेलच्या पाण्यात फिश टँकच्या तळाशी गवत धरत नाही, असं मला तिघांनी सांगितलं. दुकानदाराने, नवऱ्याने आणि इंटरनेटवरच्या एका गृहस्थाने, ज्याने पनवेल कधी पाहिलंही नसेल. दुकानदार तर प्लॅस्टिकच्या हिरव्या चटईची गुंडाळी उलगडूनच बसला. "मॅडम, हे मरत नाही," म्हणाला. जे मरत नाही ते जगतही नाही, असं त्याला ऐकवलं आणि बारीक पानांच्या खऱ्या रोपांच्या तीन डब्या घेऊन घरी आले.

टँक हॉलच्या कोपऱ्यात होता आणि नवऱ्याला तिथे मोठा सोफा हवा होता. बरेच दिवस वाद घालून त्याने मुदत घातली. दिवाळीच्या रंगकामापर्यंत तळ पूर्ण हिरवा झाला तर टँक राहील, नाहीतर भंगारात. मी हो म्हणून बसले. या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. स्वयंपाकघर माझं, असं सगळे म्हणतात, पण ते काम आहे, जागा नव्हे.

हे गवत लावायची एक पद्धत आहे. आधी टँकमध्ये पाणी भरायचंच नाही. खाली माती, वर जाडसर वाळू, त्यात चिमट्याने एकेक रोप खोचायचं, वर प्लॅस्टिक ताणायचं आणि रोज नुसता फवारा मारायचा. मुळं घट्ट धरली की मग पाणी. मी ऐन जुलैत लागवड केली, मान मोडून दोन दिवस.

बाराव्या दिवशी ऑफिसातून आले तर टँक काठोकाठ भरलेला आणि माझी सगळी रोपं वर तरंगत होती. शेजारी सासूबाई रिकामी बादली घेऊन उभ्या. त्यांचा जन्म पनवेलजवळच्या नेरे गावात, भातशेतीत गेलेला.

"लावनी केलीस आन पानी दिला नाय," त्या म्हणाल्या. "रोपा जलली असती ना!"

मी भडकले. "आई, हे तुमचं शेत नाही," असं ओरडले. त्या बादली घेऊन मोरीत गेल्या. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, राग आला होता आणि तो बरेच दिवस टिकला.

दुसऱ्या दिवशी मी पाणी उपसून पुन्हा चिमटा घेऊन बसले, तर त्या समोर येऊन बसल्या. "उथल लावतेस. म्हनून सुटली." त्यांनी चार-चार काड्यांची जुडी केली, अंगठ्याने तिरकी आत दाबली आणि वरून ओली वाळू ओढली. चिमट्याला हातही लावला नाही. मला हे मान्य करायला जड गेलं, पण त्यांनी लावलेलं एकही रोप नंतर सुटलं नाही. या वेळी पाणी कधी भरायचं ते मी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं.

दिवाळीला रंगारी आला तेव्हा तळ हिरवा होता. पण पुढच्या काचेपाशी तळहाताएवढी जागा उघडी होती. नवऱ्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"पूर्ण भरलं नाही. ठरलं होतं आपलं."

"तू ठरवलंस," मी म्हणाले. "माझ्या कोपऱ्यासाठी मी परीक्षा द्यायला हो म्हटलं, तीच माझी चूक. टँक इथेच राहील. उद्या सगळं गवत मेलं तरी इथेच राहील."

तो आईकडे वळला. "आई, तू तरी सांग हिला."

सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"नेऱ्याची जमीन फार्महाऊसवाल्याला इकलीस, तवा मला इचारलास? भात उभा व्हता शेतान. मी गप बसले." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ही नाय बसनार."

रंगाऱ्याने ब्रश हातात धरून विचारलं, "टँक हलवायचा का?"

मीच सांगितलं, नाही. त्या कोपऱ्यातली भिंत अजून जुन्या रंगाची आहे.