पोळ्याला मी बैल झालो

मालकानं माझ्या गळ्यात दावं बांधलं, पाठीवर झूल टाकली आणि अख्ख्या गावासमोर चाबूक हाणला. "चल, सर्ज्या!"

हदगावकडचं आमचं गाव. मी मालकाचा सालगडी, वय विशीतलं. त्या वर्षी ट्रॅक्टर आला आणि बैलजोडी बाजारात गेली. पण पोळ्याला पहिल्या बैलाचा मान मालकाच्या घराचा. तो सुटेना. ट्रॅक्टरला बाशिंग बांधलं, तर गावकरी म्हणाले, "चाकं चालत न्हाईत, मालक. चार पाय पायजेत."

चार पाय म्हणून मी सापडलो.

मारुतीच्या पाराभोवती रांगलो. शिंगं नव्हती, म्हणून कानांना रंग फासला. खोटं कशाला बोलू, सोंग झकास होतं! लोक पोट धरून हसले. झुलीखालचं रक्त कुणाला दिसलं नाही. काम टिकावं म्हणून मी हंबरलोसुद्धा.

दारात मालकानं पुरणपोळी मातीत टाकली. "हात लावायचा न्हाई. तोंडानं खा. आन् उद्यापासून येऊ नको. ट्रॅक्टर हाय आता."

तोंड पोळीपाशी गेलं होतं. तिथूनच म्हणालो, "मालक, बैल मारतोबी!"

डोकं थेट त्याच्या पोटात घातलं. मालक उंबऱ्यावर आपटला. पुढचे दोन दात अंगणात! मग त्याच्या भावांनी मला तुडवलं. खांद्याचं हाड मोडलं. गाव बघत उभं होतं. एक माणूस पुढं आला नाही.

नांदेडला आलो, कारखान्यात लागलो. शेडमध्ये हदगावचे, देगलूरचे, पार लातूरकडचे गडी. कुणाला ट्रॅक्टरनं हाकललं, कुणाला मळणीयंत्रानं, कुणाला हार्वेस्टरनं. गावांनी ओकलं, शहरानं गिळलं. आमच्याच जिवावर एका शेडच्या चार शेड झाल्या. आणि बनवतो काय? ट्रॅक्टरला जोडायच्या ट्रॉल्या, रोटाव्हेटर. जातात गावाकडं, आणखी माणसं हाकलायला.

काल सुपरवायझरनं किनवटकडच्या एका म्हाताऱ्याच्या तोंडावर लोखंडी पट्टी मारली. ओठ फाटला. मशीनं चालूच राहिली. मी सुपरवायझरचं मनगट धरलं आणि पट्टी पडेपर्यंत पिरगाळलं.

"तुझा काय संबंध बे?" तो किंचाळला.

"हाय ना साहेब. लई जुना संबंध हाय."

मागं एक मशीन थांबलं. मग दुसरं. मग सगळी शेड.

आज आम्ही गेटबाहेर बसलोय. सुपरवायझरनं सगळ्यांसमोर म्हाताऱ्याची माफी मागायची. तोवर एक मशीन चालणार नाही. पोलीस आणोत, गुंड आणोत. पहिली काठी मी खाईन. दुसरी हिसकावून घेईन.