विहिरीतली चांदी आणि थोरली काकू

आमची थोरली काकू कुणाला शिव्याशाप देत नसे. ती फक्त विसरत नसे, आणि बेंबळी गावात लोक त्यालाच जास्त भीत.

रझाकारांच्या धामधुमीत थोरल्या काकांनी घरातली चांदी, त्यात काकूच्या माहेरचे तोडेही आले, सोनाराकडून आटवून लगडी पाडून घेतल्या आणि पोत्यात गुंडाळून मळ्यातल्या विहिरीत सोडल्या. वर्षाच्या आत काका तापानं गेले. पुढं निजामी संपल्यावर तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विहिरीत बुडी मारणारा उतरवला. हाताला नुसता गाळ लागला. "दादानंच काढून कुठं घातली असंल," तात्या चारचौघांत बोलून गेले.

"मेलेल्या माणसाला चोर म्हणले भावजी," काकू म्हणाली. "म्या मरायच्या आधी त्येंच्याच तोंडानं हे फिरवून घेईन."

मग तात्या अंगणात दिसले की ती भांडी मोजायला बसायची. "आमच्यात चोर हाय म्हणं. मोजलेली बरी." मला मात्र तूप जास्त वाढायची. कुणाची बाजू न घेता दोन्ही घरी जेवणं, ही एवढीच विद्या मला चांगली आली.

मॅट्रिकला दुसऱ्यांदा आपटल्यामुळं मला वर्तमानपत्र वाचायला भरपूर सवड होती. एकदा काकूला बातमी वाचून दाखवली. स्पेनच्या राजाची चांदी नेणारी जहाजं शेकडो वर्षांपूर्वी वादळात बुडाली होती, त्यातल्या लगडी आता लोकांनी समुद्रातनं वर काढल्या होत्या. काकूचा ज्वारी निवडणारा हात थांबला.

"काळ्या पडल्या असत्याल."

"कोळशासारख्या. पण शिक्के दिसतायत."

"राजाची चांदी समुद्रानं खाल्ली न्हाय, अन् आमची ह्या हिरीनं खाल्ली व्हय?"

दुसऱ्या दिवशी तिनं पाणी उपसायला मोटा जुंपल्या. विहीर तळाला लागेस्तोवर काठावर उन्हात बसून राहिली. कपारीखालच्या कमरभर गाळातनं लगडी निघाल्या, काळ्याठिक्कर, सोनाराच्या शिक्क्यासकट.

"वैनी, चुकलं माझं," तात्या हळूच म्हणाले.

"म्हणताना गाव ऐकत हुतं," काकू म्हणाली, आणि त्यांचा वाटा तिनं त्यांच्या पायाशी ठेवला. आपल्या एका लगडीचा तिनं तांब्या करून घेतला. भांड्यावर नाव घालायची रीतच आहे. तिनं काकांचं नाव बोटभर अक्षरांत घालून घेतलं.

तेव्हापासून पाहुण्यारावळ्यांना पितळी तांब्या आणि तात्यांना तो. "भावजी, काय लिवलंय वाचा की. मला नवऱ्याचं नाव घेता येत न्हाय." तात्या "सदाशिव" म्हणायचे, मगच पाणी. तात्यांना तहान लागत नाही, असं पंचक्रोशीत बोललं जाऊ लागलं ते यामुळं.

पुढं काकू अंथरुणाला खिळली. शेवटच्या सकाळी तिच्या तोंडात पाणी घालायला तात्या तो तांब्या घेऊन उशाशी बसले. ओसरीवर माणसं जमली होती. काकूनं ओठ मिटून घेतले.

"सदाशिव," तात्या म्हणाले. ओठ मिटलेलेच.

"दादा चोर नव्हता, वैनी."

"भायेर ऐकू जाऊ द्या," काकू कशीबशी म्हणाली.

तात्यांनी तांब्या खाली ठेवला. दारात जाऊन, गावाकडं तोंड करून, ते तेच मोठ्यानं म्हणाले. परत येऊन बसले, तेव्हा काकूनं आपणहून तोंड उघडलं.