लॉकसाठी घेतलेला बोर्ड

दुकानदारानं काउंटरवर दोन मदरबोर्ड शेजारी शेजारी ठेवले होते. एक काळा, नवा, खोक्यातून आत्ताच काढलेला. दुसरा हिरवा, कुठल्या तरी बंद पडलेल्या ऑफिसातून निघालेला, सांदीकोपऱ्यात धूळ बसलेला. शहाण्या माणसानं काळ्याकडे बघितलं असतं. मी हिरव्याच्या पाठीमागचं लांबट गुलाबी तोंड बघत होतो. पूर्वी त्यात प्रिंटरची वायर घालायचे. आता ते कुणालाच लागत नाही. मला लागत होतं.

आमच्या कारखान्यात टॉवेलवर मोर, वेली आणि लोकांची नावं विणतात. मोर मागावर जायच्या आधी कॉम्प्युटरवर काढावा लागतो, चौकोन चौकोन भरून. एक चौकोन म्हणजे एक धागा. ज्या प्रोग्रॅमवर हे होतं तो फार जुना, आणि त्याला एक लॉक आहे. लॉक म्हणजे काड्यापेटीएवढा प्लॅस्टिकचा तुकडा. तो त्या गुलाबी तोंडात बसवला तरच प्रोग्रॅम उघडतो. काढला की पडद्यावर इंग्रजीतली एक ओळ येते आणि खेळ खलास. त्या ओळीचा अर्थ मला कुणी सांगितला नाही, पण तो कळायला शाळा लागत नाही.

शाळा मी आठवीतच सोडली होती. वणीच्या पलीकडं आमचं गाव आहे. तिथून मजुरीला सोलापुरात आलो तेव्हा ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. कारखान्याच्या मालकांनी मला मागासाठी सुताच्या कांड्या भरायला ठेवून घेतलं. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही. घरात तेलुगू बोलणारा माणूस, पण आमच्याशी सोलापुरी मराठी. मला ते ‘तम्मी’ म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. डिझाइन काढणारा माणूस काम सोडून गेला तेव्हा त्यांनी सगळ्या कामगारांचे हात बघितले आणि म्हणाले, “हा तंबाखू मळत न्हाई. ह्याचे हात स्वच्छ हायत. बस रे तम्मी कॉम्प्युटरवर.” एवढ्या गुणावर मी डिझायनर झालो. मला कावीळ झाली तेव्हा अण्णांच्या घरून वहिनींनी महिनाभर बिनतेलाचं जेवण करून पाठवलं. हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचताना कुणी अण्णांना वाईट म्हणेल. मला म्हणता येत नाही. हीच तर अडचण आहे.

एके दिवशी चहा पिता पिता अण्णा म्हणाले, “नवा माग येतोय. त्याच्यासंगं नवा प्रोग्रॅम. जुनं लॉक मग तुझंच समज. घरी मशीन जोड, काम घरी कर.”

मी विचारलं, “घरी म्हंजे गावी केलं तरी चालंल?”

“मोर काय, कुटनं बी उडत येतो की!” अण्णा हसले.

ते हसले आणि माझा जीव तिथंच गावाला पोचला. आईला फोन केला. तिनं दुसऱ्याच दिवशी खिडकीपाशी विजेचं नवं बटण बसवून घेतलं, धान्याची कोठी हलवून टेबल लावलं. मग तिचा फोन येऊ लागला, “तुह्या कॉम्प्युटरची जागा झाली रे बाबू. तू कवा येशीन?”

म्हणून मी नवी पेठेतल्या त्या दुकानात उभा होतो. तोवर मी चार दुकानं पालथी घातली होती. जिथं जाईन तिथं काळे, नवे, देखणे बोर्ड, आणि एकाच्याही पाठीला गुलाबी तोंड नाही. एकानं एक वायर दाखवली, म्हणाला ही लावून चालवा. मला ठाऊक होतं, त्या वायरीनं प्रिंटर चालतो, लॉक चालत नाही. कारखान्यात ते करून बघितलं होतं.

हा शेवटचा दुकानदार दखनी बोलणारा होता, मराठीत मध्येच घसरायचा. “भाई, हे हिरवं नक्को घेऊ,” तो म्हणाला. “मेरेकू काय, मी विकतो की. पन ह्याच्यावर पुढं काय चढनार नाई. रॅम जुनी, प्रोसेसर जुना. काळं घे. उद्या काय बी बसव.”

“मला लॉक लावायचंय.”

“म्हंजे किल्लीसाठी घर बांधतोय तू.” तो बाजूच्या चहावाल्याला म्हणाला, “देखो, असं गिऱ्हाईक पैल्यांदाच आलं!”

चहावाला हसला. मीही हसलो. भीती वाटली की मला हसू येतं.

माझ्या भीतीला खरं कारण होतं. गुलाबी तोंड आहे, पण जिवंत आहे का? म्हणून मी अण्णांना फोन केला, तासाभरापुरतं लॉक द्या, लावून बघतो. ते म्हणाले, “थांब तितंच, मीच येतो.” कारखाना सोडून, उन्हात, माझ्यासाठी स्कूटरवरून आले. दुकानदारानं हिरवा बोर्ड खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवला, वायरी जोडल्या, दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं टेकवल्या. पंखा फिरला. अण्णांनी शर्टाच्या खिशातून लॉक काढलं आणि स्वतःच्या हातानं बसवलं. दुकानदाराच्या डिस्कवर मी आमचा प्रोग्रॅम चढवला. उघडला. पडद्यावर आमचा मोर आला.

“हाच घे,” अण्णा म्हणाले. लॉक काढलं आणि परत खिशात ठेवलं. खिशाचं बटण लावलं.

मी ते बटण बघितलं होतं. त्यात काही बघण्यासारखं आहे असं मला वाटलं नाही.

बोर्ड मांडीवर घेऊन रिक्षातून खोलीवर आलो, पोर दवाखान्यातून आणावं तसा. पेट्रोल पंपावरची हवा मारून त्याची धूळ उडवली. कॉम्प्युटरच्या पेटीत बसवताना एकेक स्क्रू असा हळू फिरवला की शेजारच्यानं विचारलं, “बॉम्ब जोडतोस का रं?” खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मशीन तयार झालं. आमच्याकडं खंडेनवमीला माग धुऊन पुसून त्यांची पूजा करतात, झेंडूचे हार घालतात. मी ठरवलं, माझ्या मशीनची पूजा अण्णांच्या हातानं. परवा गाडी, गावी.

दुसऱ्या दिवशी अण्णा नारळ घेऊन खोलीवर आले. मॉनिटरला हळद-कुंकू लावलं. पेटीला हार घातला. आरतीच्या ताटात लॉक ठेवलं, त्यालाही कुंकवाचं बोट लावलं. मग ते बसवलं. प्रोग्रॅम उघडला. मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. आणि पेटीमागं हात घालून लॉक काढलं, धोतराच्या सोग्यानं कुंकू पुसलं, खिशात टाकलं, बटण लावलं.

“आता हे मशीन उद्या कारखान्यात आणून ठेव,” ते म्हणाले. “लाईट माझी. खोलीवर उकडतंय लई.”

“अण्णा, मी गावी नेणार होतो. तुमीच म्हणाला होता, लॉक…”

“लॉक तुझंच हाय की! मी काय खाणाराय का?” ते खरंच चकित झाले होते. “पण बाहेर कसं धाडू? करणारी कंपनी कवाच बंद पडली. हरवलं तर दुसरं मिळणार कुटं? आन् तुला हितनं कुणी हाकललंय का तम्मी?”

कुणी हाकललं नव्हतं. हाकललं असतं तर भांडता आलं असतं. मी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला, कारण तो हातात धरून काहीच बोलता येत नव्हतं. गावी बसून मी दुसऱ्या कारखान्यांचीही कामं घेईन, ही भीती त्यांना होती का? असेलही. ते बोलले नाहीत, आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. ज्या घरचं जेवून उठलो, त्या घराला काय विचारायचं?

मशीन कारखान्यात गेलं. हातगाडीवरून मीच ढकलत नेलं, हार तसाच होता.

आता लॉक न लागणारे नवे प्रोग्रॅमही आलेत, महिन्याचं भाडं भरायचं आणि कुठंही बसून काम करायचं. ओळखीच्या एकानं मला त्यातला एक आणून दिला. हिरव्या बोर्डावर तो चढलाच नाही. मशीन जुनं आहे, असं तो ओळखीचाच म्हणाला. नवी पेठेतल्या त्या दुकानावरून जाताना मी आता रस्ता ओलांडून पलीकडनं जातो.

अण्णा सकाळी येतात, देवाला हात जोडतात, मग माझ्या पेटीमागं हात घालून लॉक बसवतात. “हं, बस तम्मी.” संध्याकाळी काढून नेतात. दिवसभर मी मोर काढतो. चांगले येतात, गिऱ्हाईक खूश असतं. आईनं खिडकीजवळचं टेबल अजून हलवलेलं नाही. परवा फोनवर म्हणाली, “कॉम्प्युटर तुहाच आहे नं रे? मंग काहून येत नाही?”

“माझाच आहे,” मी म्हणालो.